घडणावळ वेगळी पडेल

दागिन्यांच्या बाबतीत मराठी बाई पक्की व्यवहारी. सोनं घेताना ती मोडीचा भाव आधी विचारते, चांदी घेताना वजन, आणि मोती घेताना "पाण्यात भिजले तर पिवळे पडत नाहीत ना?" एवढं ऐकल्याशिवाय पर्सची चेन उघडत नाही. आणि ह्याच व्यवहारी बायकांनी कधीतरी साखरेचे दागिने काढले! हे दागिने लॉकरमध्ये ठेवता येत नाहीत, गहाण पडत नाहीत, मोडीत जात नाहीत. दुपारी अंगावर घालायचे, तासाभरात फोटो उरकायचे आणि संध्याकाळी धाकट्या दिराने बाजूबंद कुरतडलेला दिसला, तर सणाचा दिवस म्हणून हसायचं.

हा ऐवज घडवून विकायचा माझा धंदा आहे. डोंबिवलीत, दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. 'धंदा' म्हटलं की नातेवाईक जरा कसनुसे होतात. त्यांना 'छंद' बरा वाटतो. "काय मग, छंद कसा चाललाय तुझा?" छंदाची सोय अशी की त्याचं कौतुक करता येतं आणि कौतुक केलं की पैसे द्यावे लागत नाहीत.

ज्यांच्या घरी नवी सून, नवा जावई किंवा नवं बाळ आलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने: हार, मंगळसूत्र, नथ, कुड्या, बिंदी, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा आणि केसांत वेणी. जावयाला हार, अंगठी आणि हातात नारळ. बाळाचं बोरन्हाण असेल तर मुकुट, बासरी, मोरपीस. ते सगळं चढवून झालं की बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे ओतायचे आणि शेजारच्या पोरांनी ते लुटायचे.

जावयाचा नारळ अजून टिकून आहे, पण त्याच्या सोबतीला पुढे घड्याळ आलं, मग मोबाइल आला. हलव्याचा मोबाइल हातात घेऊन जावई मागची बाजू बघतो. एका सासूबाईंनी तिथे कुरतडलेलं सफरचंद काढून मागितलं, कारण त्यांच्या जावेने आपल्या जावयाला साधा फोन दिला होता. साखरेचा झाला म्हणून काय, जुनं मॉडेल जावयाच्या हातात देऊन कसं चालेल? मी साबुदाण्याच्या हलव्याचे तीन कॅमेरे बसवून दिले. जावयाने त्या फोनवर सेल्फी काढल्याचा अभिनय केला आणि सासूबाईंचे पैसे वसूल झाले.

सुनांची फॅशन मालिका ठरवतात. २०१३ साली 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली आणि जान्हवीचं मंगळसूत्र सोन्यात, एक ग्रॅममध्ये आणि पितळेत घरोघर पोचलं. हलव्यात तरी का पोचू नये? तेव्हापासून गिऱ्हाईक पडद्यावर फोटो ताणून ताणून मोठा करतं आणि म्हणतं, "अगदी असंच, फक्त खाता येईल असं."

आता थोडं कारखान्याबद्दल. हलवा करणं म्हणजे संयमाची परीक्षा. खसखस, तीळ, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे, शेंगदाणे, जे काही मधे हवं ते परातीत घ्यायचं, खाली मंद आच ठेवायची आणि वर चमचाभर पाक सोडून बोटांनी हलवत राहायचं. तो चमचा सुकला की पुढचा. असं तासन्‌तास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाक जास्त झाला तर दाण्यांचा लाडू होतो, आच वाढली तर साखर पिवळी पडते आणि हात जोरात फिरला तर मोठ्या मिनतवारीने आलेला काटा झिजून जातो. काटा म्हणजेच हलव्याची इभ्रत. तो फुलायला हवा थंड आणि कोरडी लागते. डोंबिवलीत थंडी येते ती वर्तमानपत्रात. खाडीवरच्या दमट वाऱ्यात हलव्याला काटा फुटत नाही, घाम फुटतो. म्हणून काटेरी हलवा मी घाटावरून मागवते. तिथल्या ज्या काकू तो करतात, त्यांची बोटं पाकाने इतकी भाजून निघाली आहेत की मोबाइल त्यांचा अंगठा ओळखत नाही.

पुढचं काम माझं. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही. सुई टेकवली की त्याचे दोन तुकडे. म्हणून दोऱ्याचा बारीक फास करायचा, दाणा त्यात धरायचा आणि गाठ आवळायची. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, फार घट्ट झाली तर काटा मोडतो. दाण्याचे काटेच दोरा धरून ठेवतात, तेवढीच काय ती मालाची मदत. एक दाणा, एक गाठ. नथीला खसखशीचा बारीक दाणा, बांगडीला तिळाचा, हाराला साबुदाण्याचा, पदकात मधोमध शेंगदाण्याचा. ह्याला चष्म्याचा नंबर वाढवण्याची घरगुती पद्धत असंही म्हणतात.

मुकुट नि कंबरपट्टा पुठ्ठ्याशिवाय उभे राहत नाहीत. तिथे पुठ्ठ्यावर सोनेरी कागद, कडेने जर, आणि वर गोंद लावून दाणे चिकटवायचे. हे काम झटपट होतं, त्यामुळे बाजारात बराच माल आता नखशिखांत चिकटवलेलाच येतो. दिसायला छान असतो. पण बोरन्हाणाच्या सेटमध्ये मी गोंदाची बाटली उघडत नाही. मुकुटसुद्धा दोऱ्याने शिवते, कारण एक वर्षाचं गिऱ्हाईक दागिना पारखतं ते तोंडात घालूनच.

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्याच इमारतीतलं बोरन्हाण होतं. बाळाला पाटावर बसवून मुकुट चढवला. बाळाने तो शांतपणे काढला, समोरचं फूल निरखलं आणि चाटून पाहिलं. आयुष्यात प्रथमच कपड्याला चव असल्याचं त्याला कळलं. चेहरा असा उजळला की आजी म्हणाल्या, "बघा, कृष्णाचा अंश आहे हो!" अंशाने मग गळ्यातला हार ओढून तोंडाशी नेला. फोटोग्राफर ओरडला, "बासरी द्या, बासरी!" बासरी दिली. बाळाने ती आडवी धरायचं साफ नाकारलं, उभी धरली आणि वरच्या टोकापासून सुरुवात केली. अल्बम आला तेव्हा पहिल्या पानावर पूर्ण बासरी होती आणि शेवटच्या पानावर नुसती काडी. त्या कुटुंबाने पुढच्या नातवाची ऑर्डर देताना बजावलं, "बासरी दोन द्या. एक फोटोला, एक त्याला."

पंचांग आमच्या धंद्याचा शत्रू आहे. बाकीचे सण चंद्राच्या लहरीने दहा-वीस दिवस मागेपुढे होतात. संक्रांत सूर्याची, त्यामुळे ती चौदा-पंधरा जानेवारीला सरकारी वक्तशीरपणाने उभी. गिऱ्हाईक मात्र दिवाळीचा फराळ संपल्याशिवाय संक्रांतीचं नाव काढत नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते थेट ८ नोव्हेंबरला. म्हणजे अठरा दिवस अधिक महिन्याने खाल्ले आणि संक्रांत जागची हलायला तयार नाही. लोक अधिकात जावयाला ताटभर अनारसे देतात, आम्हाला कुणी अठरा दिवस देत नाही. तशी संक्रांतही सरकते म्हणा. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा आणि त्या दिवशी संक्रांत होती. साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत ती एक दिवस पुढे जाते. ही मुदतवाढ आमची पिढी एकदाच उपभोगणार.

त्यात लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर. डिसेंबरच्या शेवटी लग्न झालेल्या घरातून जानेवारीच्या दहा तारखेला फोन येतो, "ताई, पूर्ण सेट हवाय, उद्यापर्यंत. साधासाच करा, कमी गाठींचा." आणि एकदा रथसप्तमी उलटली, की शिल्लक माल त्या रात्रीतून दागिन्याचा खाऊ होतो. आमचे सासरे निवृत्त आहेत. फेब्रुवारीभर ते चष्मा नाकावर ओढून मी मारलेल्या गाठी सोडत बसतात आणि हलवा डब्यात भरतात. आमच्याकडे त्या महिन्यात चहात साखर घालत नाहीत. एक कप चहाला अर्धी ठुशी पुरते.

आता दर्जाबद्दल. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक सक्तीचा झाला. हलव्याला असली खूण नाही, पण आमची तपासनीस संस्था त्याहून कडक आहे. ती रात्री दोन वाजता येते, रांगेत येते आणि लाच खात नाही, सरळ मालच खाते. पांढऱ्या प्लास्टिकच्या मण्यांचे 'हलव्यासारखे' दागिने हल्ली मिळतात, दरवर्षी वापरता येतात म्हणून खपतातही. त्यांच्याकडे मुंगी ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे एखाद्या गिऱ्हाइकाने "डब्यात मुंग्या निघाल्या हो" अशी तक्रार केली, की मी शुद्धतेबद्दल अभिनंदन करते.

परदेशी ऑर्डरींचा प्रकार आणखी निराळा. लेकी-सुना न्यू जर्सीत, सिडनीत, दुबईत, आणि त्यांच्या आया नि सासवा इथे कुरिअरच्या रांगेत. काउंटरवरचा मुलगा विचारतो,

"काय आहे आत?"

"दागिने."

"दागिने घेत नाही आम्ही. बिल, विमा, सगळं लागतं."

"अहो, साखरेचे आहेत."

"मग खाऊ लिहू?"

"लिहा."

"एक्सपायरी डेट?"

"चौदा जानेवारी."

"त्यानंतर खराब होतं?"

"खराब नाही होत. त्यानंतर कुणी घालत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "मावशी, नक्की एक सांगा. घालायचं की खायचं?"

ह्या प्रश्नावर मराठी संस्कृती शेकडो हळदीकुंकवांत निरुत्तर राहिलेली आहे, मी काय सांगणार? जीएसटीच्या यादीतही तेच. नकली दागिने ७११७ क्रमांकाखाली, साखरेची मिठाई १७०४ खाली. आमचा कंबरपट्टा ह्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. शेवटी त्या मुलाने 'शोभेची वस्तू' असं लिहिलं आणि हळूच विचारलं, "एक दाणा मिळेल का?"

देशागणिक पथ्यंही वेगळी. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, म्हणून दुबईच्या सुनेची नथ राजगिऱ्याइतक्या साबुदाण्यावर भागवावी लागते. नाहीतर बाळाच्या बोरन्हाणापायी आजोबा विमानतळावर पोलिसांना खसखशीच्या वड्यांची कृती सांगत बसायचे. ऑस्ट्रेलियात बी-बियाण्यांची कसून तपासणी. शिवाय तिथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. काळी साडी ऊब देते म्हणून संक्रांतीला नेसतात, हे सिडनीच्या सुनेला सांगायची कुणाची हिंमत होत नाही. तिथल्या एका मंडळातून निरोप आला होता, "दागिने सुंदर. फोटो एसीत काढले. अंगणात गेलो तेव्हा बिंदी नाकावर आली."

गिऱ्हाइकांचे म्हणाल तर प्रकार ठरलेले आहेत. एक "प्राइस प्लीज" वाले. त्यांना किंमत सांगितली की ते अंगठा दाखवतात. हा अंगठा होकाराचा की ठेंगा, हे संक्रांतीपर्यंत कळत नाही. दुसरे, "भाड्याने मिळेल का? एकच तास घालणार आहे, चाटणारही नाही." तिसरे, "गेल्या वर्षीचे आहेत, मोडीत घेता का? मोठ्या जावेचे होते, जपून वापरलेत." चौथ्या, "हे कसं करतात जरा दाखवा ना, म्हणजे मी घरीच करीन." ह्यांना मी आनंदाने बसवते, हातात दोरा नि वाटीभर खसखशीचा हलवा देते. पाऊण तासात त्यांची चार दाण्यांची नथ तयार होते आणि त्या पूर्ण सेटची ऑर्डर देऊन जातात. जाहिरातीवर मी कधी एवढा चोख पैसा लावलेला नाही.

पण सगळ्यांत मोठा वर्ग "साखर काय भाव आहे?" वाल्यांचा. माझ्या थोरल्या नणंदबाई ह्या वर्गाच्या मॉनिटर. सेट उलटसुलट करून त्या म्हणाल्या, "अगं, साखर पंचेचाळीस रुपये किलो. ह्यात पावशेरही नसेल. आणि दीड हजार?" मी म्हटलं, "ताई, गाठी बघा ना." त्या म्हणाल्या, "गाठींना काय पैसे पडतात? दोरा तर तुझ्याकडे असतोच."

त्याच आठवड्यात त्यांनी मला सोबत म्हणून सराफाकडे नेलं. लेकीसाठी हार घ्यायचा होता. तोळ्याचा भाव २०२५ मध्येच लाखाच्या पुढे गेलेला. तिथल्या पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी दोन तोळ्यांचा हार मखमलीवर ठेवला, कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली आणि देवळातल्या पुजाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "घडणावळ वेगळी पडेल. चौदा टक्के." म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या वर. वर तीन टक्के जीएसटी. ताईंनी मान डोलावली. मी कानाशी लागून म्हटलं, "ताई, अठ्ठावीस हजार!" त्यांनी मला कोपराने ढोसलं. "हळू बोल. हाताचं काम आहे, पैसे पडणारच." गृहस्थ प्रामाणिक होते. ते म्हणाले, "नाही मॅडम, हे मशीनमेड आहे." ताई म्हणाल्या, "तरीच एवढं सुबक."

परत येताना रिक्षात मी हिशेब मांडला. माझ्या दीड हजारांच्या सेटमध्ये हलवा, दोरा, जर, पुठ्ठा, डबा मिळून दोनशेचा माल. उरलेले तेराशे ही घडणावळ. टक्क्यांत सांगायची तर साडेसहाशे टक्के. जगात कुठल्याही सराफाने लावली नसेल अशी घडणावळ मी डोंबिवलीत बसून लावते आहे आणि तरी माझं पासबुक बघून बँकेतला माणूस मला ज्येष्ठ नागरिकांच्या योजना सुचवतो! कारण ते तेराशे रुपये मी धरून गाठी मारणाऱ्या तीन बायकांच्या चार-पाच दिवसांत वाटले, की तासाला जे पडतं त्यात स्टेशनवर वडापाव येतो. चहा वेगळा पडेल.

तेव्हा लक्षात आलं की लोकांना घडणावळ द्यायला काहीच अडचण नाही. ती फक्त मखमलीवर, छापील बिलात, हलक्या आवाजात मागावी लागते. टेबलावर, गव्हाच्या डब्याशेजारी मागितली की ती महागाई होते. सोन्याच्या दुकानात सोनं महाग असल्यामुळे हातांना किंमत येते. माझ्या टेबलावर साखर स्वस्त, म्हणून हातही स्वस्त. मालाच्या भावाने हात मोजायची ही पद्धत मी काही एकटीने बदलणार नव्हते. म्हणून मीच सराफाची रीत उचलली.

बिलबुक छापून घेतलं. काळ्या मखमलीचा तुकडा आणला. आता बिलावर ओळी अशा असतात: हलवा (घाटावरचा, काटेरी). दोरा, जर व पुठ्ठा. घडणावळ. पहिल्याच दिवशी एका बाईंनी बिल हातात घेतलं, चष्मा लावला, घडणावळीवर बोट ठेवलं आणि साखरेबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, "ह्याच्यावर काही ऑफर?"

सराफांच्या जाहिराती मीही वाचते. घडणावळ एक तृतीयांशाने वाढवली आणि दारावर पाटी लावली, 'संक्रांतीनिमित्त घडणावळीवर २५ टक्के सूट!' ज्यांना गणित येतं त्यांनी करून बघावं. ह्यात कुणाचा एक पैसा जात नाही आणि सगळ्यांना वाचल्यासारखा वाटतो. बायकांनी मैत्रिणी आणल्या. कुणी म्हणालं, "बाकीच्या ठिकाणी घडणावळीवर सूट देतच नाहीत." बाकीच्या ठिकाणी घडणावळ लिहितच नाहीत, हे मी सांगितलं नाही.

नणंदबाईही आल्या. बिल वरून खाली, खालून वर वाचलं. सूट वजा झाल्याची खात्री करून घेतली. मखमलीवरून बोट फिरवलं. सगळं पटलं, पैसे मोजले, आणि जाता जाता दारात थबकून म्हणाल्या, "घडणावळीचं ठीक आहे गं, हाताचं काम आहे. पण साखर कुठल्या भावाने लावलीस? आजच्या की कालच्या?"

"कालच्या," मी म्हटलं. "आज पन्नास पैशांनी चढली."

त्या खूश झाल्या. आणखी एक सेट सांगून गेल्या.